उत्तर दोन आजोबांनाच का येतं? जुन्या मराठी सिनेमांचा प्रश्नखेळ रचताना

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका ताईंनी नातेवाईक आणि सोसायटीतले शेजारी मिळून चाळीसेक जणांचा व्हॉट्सॅप ग्रुप केला आहे, खास जुन्या मराठी सिनेमांसाठी. दर रविवारी रात्री प्रश्नमंजुषा. पहिले तीन रविवार धमाल आली. चौथ्यापासून दोन आजोबाच सगळी उत्तरं देतात, तरुण मंडळी एकतर गुगल करतात नाहीतर गप्प बसतात, आणि मागच्या वेळी ‘पहिला सिनेमा कोणता’ यावरून चक्क भांडण झालं. त्यांचं विचारणं दोन गोष्टींचं: प्रश्न काढायचे कसे, आणि ज्यांनी काहीच पाहिलेलं नाही त्यांनी सुरुवात कुठून करायची.

ताई, हा उद्योग मी गेली बावीस वर्षं करतोय. गणपतीच्या मांडवात, वाचनालयाच्या वर्धापनदिनाला, ज्येष्ठ नागरिकांच्या कट्ट्यावर, आणि गेली काही वर्षं फोनवरही. तुमचा खेळ का बसला ते तुम्ही पाठवलेले दहा प्रश्न वाचूनच कळलं. दहापैकी आठ प्रश्न ‘कोणी’ आणि ‘कधी’चे आहेत. दिग्दर्शक कोण, साल कोणतं, गीतकार कोण. असा प्रश्न ज्याला येतो त्याला क्षणात येतो, आणि ज्याला येत नाही त्याने रात्रभर डोकं खाजवलं तरी येत नाही. मग तो फोन उचलणार नाहीतर काय करणार? दोष त्याचा नाही, प्रश्नाचा आहे.

माझा एकच नियम आहे, बाकी सगळं त्यातूनच निघतं: प्रश्न सिनेमातून काढायचा, सिनेमाविषयीच्या गप्पांतून नाही. पडद्यावर जे दिसतं, कानाला जे ऐकू येतं, त्यातून. असा प्रश्न न पाहिलेल्यालाही विचार करायला लावतो, आणि पाहिलेला माणूस ‘अरे हो!’ म्हणून मांडीवर थाप मारतो. ती थाप ऐकू आली की समजायचं, प्रश्न जमला.

उदाहरण देतो. ‘शेजारी’ हा १९४१ चा प्रभात फिल्म कंपनीचा सिनेमा. ‘दिग्दर्शक कोण?’ असं विचारलंत तर तुमचे आजोबा चहाचा कप खाली न ठेवता ‘व्ही. शांताराम’ लिहितील आणि विषय संपेल. मी असं विचारतो: ‘या सिनेमात पाटील आणि मिर्झा असे दोन जिवलग शेजारी आहेत. हिंदीत तो ‘पडोसी’ झाला तेव्हा या दोन भूमिका देताना शांतारामबापूंनी धर्माच्या बाबतीत एक गंमत केली. काय केलं असेल?’ आता सिनेमा न पाहिलेली पंचविशीतली मुलगीसुद्धा अंदाज बांधू शकते. उत्तर असं, की हिंदीत हिंदू शेजारी झाले मजहर खान आणि मुसलमान मिर्झा झाले गजानन जागीरदार. म्हणजे अदलाबदल. मराठीतही मिर्झा जागीरदारच होते, पाटील मात्र केशवराव दाते. उत्तर कळल्यावर निदान चार जण तो सिनेमा शोधतात, असा माझा अनुभव आहे. नुसत्या ‘दिग्दर्शक कोण’ने कोणी काही शोधत नाही.

असाच माझा आणखी एक लाडका प्रश्न. ‘सामना’ आणि ‘सिंहासन’ दोन्ही जब्बार पटेलांचे, दोन्हीची पटकथा विजय तेंडुलकरांची, मध्ये पाच वर्षांचं अंतर. ‘दोन्हींत डॉ. श्रीराम लागू आणि निळू फुले आहेत. पहिल्यातून दुसऱ्यात जाताना या दोघांनी कशाची अदलाबदल केली?’ ‘सामना’त सत्ता निळूभाऊंकडे आहे, साखर कारखान्याचे सर्वेसर्वा हिंदुराव ते, आणि मारुती कांबळेचं काय झालं हे विचारत फिरणारा फाटका मास्तर लागूंचा. ‘सिंहासन’मध्ये लागू सत्तेच्या खेळातले मंत्री आणि निळूभाऊ सगळं उघड्या डोळ्यांनी बघणारा पत्रकार दिगू टिपणीस. हे गुगलच्या डब्यात टाकून एका झटक्यात मिळत नाही. आठवावं लागतं, दोन सिनेमे शेजारी ठेवून बघावे लागतात.

आता ‘पहिला’चं भांडण. ते होणारच होतं. ‘पहिला’ हा शब्द प्रश्नात आला की मी आधी स्वतःलाच विचारतो, कशातला पहिला? दादासाहेब तोरण्यांचा ‘श्री पुंडलिक’ मुंबईच्या कोरोनेशनमध्ये १८ मे १९१२ ला लागला. दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ त्याच कोरोनेशनमध्ये ३ मे १९१३ ला. तारखा बघितल्या तर तोरणे जवळजवळ वर्षभर आधी. पण ‘पुंडलिक’ म्हणजे चालू नाटकाचं चित्रण, कॅमेऱ्यामागे परदेशी माणूस, आणि फिल्म धुवायला विलायतेला पाठवलेली. फाळक्यांनी कथा कॅमेऱ्यासाठी बेतली आणि सगळं इथेच केलं. तेव्हा तुमचे दोन्ही पक्ष आपापल्या जागी बरोबर होते आणि प्रश्न चुकीचा होता. तोच प्रश्न असा विचारा: ‘एका वर्षाच्या आत, एकाच थिएटरात लागलेले दोन सिनेमे, दोघांचेही निर्माते दादासाहेब. कोणते?’ भांडणाला जागाच उरत नाही.

जाता जाता एक सावधगिरी. ‘राजा हरिश्चंद्र’ची चित्रफीत दाखवून प्रश्न विचारणार असाल तर जपून. आज जे तुकडे आपण बघतो ते १९१३ चे नसून फाळक्यांनी १९१७ मध्ये पुन्हा केलेल्या आवृत्तीचे आहेत, असं अभ्यासकांचं म्हणणं आहे. फाळक्यांवर काही विचारायचंच असेल तर मुलांना हे विचारा: ‘एकाच सिनेमात राम आणि सीता दोघंही एकाच माणसाने केलेत, ते कोणी?’ अण्णा साळुंके, ‘लंका दहन’, १९१७. हरिश्चंद्राची तारामतीही तेच झाले होते. बाई मिळेना म्हणून फाळक्यांनी उपाहारगृहातला आचारी उचलून आणला, तो हा. आणि ‘हरिश्चंद्र’नंतरच्या पुढच्याच ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई, म्हणजे माय-लेकी एकाच सिनेमात. या कमलाबाई म्हणजे चंद्रकांत गोखल्यांच्या आई आणि विक्रम गोखल्यांच्या आजी. ही साखळी उलटी विचारायची, विक्रम गोखल्यांपासून मागे जात. घरात दूरदर्शन आणि नाटक बघितलेली पिढी लगेच जागी होते.

आता माझी फजिती ऐका, कारण प्रश्न तपासायचे कसे हे मी तिच्यातूनच शिकलो.

पंधरा-सोळा वर्षांपूर्वी एका वाचनालयात कार्यक्रम होता. ‘संत तुकाराम’वरची फेरी. मी ‘आधी बीज एकले’ लावलं आणि विचारलं, ‘हा अभंग कोणाचा?’ सगळ्या सभागृहाने एका सुरात उत्तर दिलं, तुकोबांचा. मी गुण दिले, टाळ्या झाल्या. तिसऱ्या रांगेत एक वयस्कर संगीतशिक्षिका बसल्या होत्या. त्या उठल्या नाहीत, हातही वर केला नाही. कार्यक्रम संपल्यावर माझ्याजवळ आल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, ‘अहो, गाथेत शोधून दाखवा बरं मला.’ घरी जाऊन मी गाथेची अनुक्रमणिका दोनदा चाळली. नाही. तो अभंग मुळी तुकारामांचा नाहीच. सिनेमासाठी शांताराम आठवल्यांनी लिहिला, केशवराव भोळ्यांनी चाल दिली, आणि तो इतका तुकोबांसारखा उतरला की तुकाराम झालेल्या पागनीसांच्या तोंडून ऐकताना कुणाला शंकाच आली नाही. भजनी मंडळंसुद्धा त्याला अभंग म्हणूनच गातात.

त्या दिवसापासून मी दोन गोष्टी पाळतो. एक, ‘सगळ्यांनाच माहीत आहे’ असं उत्तर असेल तर ते हमखास तपासायचं. दोन, तपासायची जागा म्हणजे सिनेमाची श्रेयनामावली आणि सिनेमा स्वतः. लोकांनी एकमेकांना पाठवलेले लेख नव्हेत. ते एकाच चुकीच्या लेखाची शंभर पिल्लं असतात. श्रेयनामावली मोबाइलवर थांबवून वाचा. मात्र टीव्हीवर दाखवलेल्या कित्येक प्रतींमध्ये ती कापलेली असते, कधी गाणीही उडवलेली असतात, तेव्हा प्रत पूर्ण आहे ना ते आधी बघा. आणि तो ‘आधी बीज’चा प्रश्न मी आजही विचारतो, फक्त आता गाथा समोर ठेवून.

असे फसवे प्रश्न एका फेरीत एकच ठेवावा. जास्त झाले की लोक चिडतात. ‘सांगत्ये ऐका’मधली ‘बुगडी’ हा दुसरा हुकमी फसवा. सिनेमा हंसा वाडकरांचा म्हणून सगळे त्यांचंच नाव घेतात, पडद्यावर मात्र ते गाणं जयश्री गडकरांवर आहे. मी ते गाणं आवाज बंद करून दहा सेकंद दाखवतो. मग दुसरा प्रश्न जोडतो: ‘१९५९ चा एक सिनेमा, त्याच नावाचं एक आत्मचरित्र, आणि १९७७ चा एक हिंदी सिनेमा. तिन्हींना जोडणारी बाई कोण?’ इथे हंसाबाई येतात. ‘सांगत्ये ऐका’ हेच आत्मचरित्राचं नाव, आणि त्यावर श्याम बेनेगलांनी केलेला ‘भूमिका’. ज्यांनी स्मिता पाटीलसाठी ‘भूमिका’ पाहिलेला असतो त्यांना हा धागा पहिल्यांदाच कळतो.

गावाकडची माणसं ग्रुपवर असतील तर गावाचे प्रश्न ठेवा. आमच्याकडे एक सांगलीकडचे गृहस्थ आहेत, सिनेमातलं त्यांना फारसं कळत नाही, कधी एक गुणही मिळवला नव्हता. एकदा मी विचारलं, ‘‘दो आँखें बारह हाथ’मधला तुरुंगाचा प्रयोग कुठल्या खऱ्या जागेवरून सुचला?’ आजोबा मंडळी बर्लिन महोत्सवातल्या ‘रौप्य अस्वल’ पुरस्कारापासून शांतारामबापूंच्या डोळ्याला बैलामुळे झालेल्या दुखापतीपर्यंत सगळं सांगून बसली, जागा कोणाला सांगता येईना. या गृहस्थांनी व्हॉइस नोट टाकली: ‘स्वतंत्रपूर की! आटपाडीजवळ. माझी आत्या तिकडंच दिलीय.’ औंध संस्थानातली कैद्यांची खुली वसाहत ती, आणि कथा लिहिणारे गदिमा त्याच मुलखातले. त्या दिवसापासून हे गृहस्थ एक रविवार चुकवत नाहीत.

खेळ कोणते ठेवायचे म्हणाल तर आपल्या हाताशी गाण्याच्या भेंड्या आहेतच, त्यांचीच एक बहीण मी चालवतो. तिला आम्ही ‘साखळी’ म्हणतो. सिनेमा, त्यातला कलाकार, त्या कलाकाराचा दुसरा सिनेमा, त्यातला दुसरा कलाकार. एकदा घेतलेलं नाव पुन्हा घ्यायचं नाही, प्रत्येकाला तीस सेकंद. मागे आमच्या ग्रुपवर अशी गेली: ‘अयोध्येचा राजा’, दुर्गा खोटे, ‘अमर ज्योती’, शांता आपटे, ‘कुंकू’, केशवराव दाते, ‘शेजारी’, गजानन जागीरदार, ‘रामशास्त्री’, ललिता पवार. तिथून एका कॉलेजच्या पोराने उडी मारली ती थेट ‘अनाडी’वर आणि खेळ पुरता हिंदीत गेला. जाऊ द्यायचा. मराठी कलाकार हिंदीत गेलेच होते, खेळाने का जाऊ नये? आजोबांची सद्दी इथे मोडते, कारण अलीकडच्या कड्या तरुणांना जास्त येतात.

दुसरा खेळ तीन पायऱ्यांचा. एकाच उत्तराच्या तीन खुणा, अवघडपासून सोपीकडे. पहिल्या खुणेवर ओळखलं तर तीस गुण, दुसरीवर वीस, तिसरीवर दहा. नमुना बघा. पहिली खूण: ‘या संगीतकाराने साठच्या दशकात भालजी पेंढारकरांच्या चार सिनेमांना संगीत दिलं.’ दुसरी: ‘नावात एक ढग आहे.’ तिसरी: ‘‘ऐरणीच्या देवा तुला’ची चाल याची, आणि गायलंही त्यानेच, पण तो ‘तो’ नव्हेच.’ आनंदघन, म्हणजे लताबाई. दोन खुणांमध्ये एक मिनिट जाऊ द्या. त्या एका मिनिटात ग्रुपवर जी चर्चा होते तोच खरा खेळ. गुण हे निमित्त.

आवाजाच्या फेऱ्याही छान होतात. गाण्याचे शब्द सुरू होण्याआधीचं नुसतं संगीत ऐकवायचं. किंवा ‘कुंकू’मधला मिनिटभराचा तुकडा ऐकवून विचारायचं, ‘इथे काय नाही?’ १९३७ च्या या सिनेमाला पार्श्वसंगीतच नाही. घरातले, रस्त्यातले खरे आवाज तेवढे आहेत. पहिल्यांदा विचारलं तेव्हा कोणालाच आलं नाही, आणि उत्तर ऐकल्यावर एका ताईंनी रात्री साडेअकराला सबंध सिनेमा पुन्हा लावला. त्यातच शांता आपटे चक्क इंग्रजी कविता गातात, तेही नवख्यांना सांगून पाहा. कोणी विश्वास ठेवत नाही.

गुगलचं म्हणाल तर त्याला बंदी घालून उपयोग नाही, पोलिसगिरी करत बसावं लागतं. आम्ही असं करतो: प्रश्न टाकला की सगळ्यांनी उत्तर टाइप करून ठेवायचं, पाठवायचं नाही. मी लाल ठिपका टाकला की सगळ्यांनी एकदम पाठवायचं. मध्ये चाळीस सेकंद. ज्यांची बोटं हळू चालतात त्यांना व्हॉइस नोटची मुभा. आणि जोड्या लावा: एक साठीच्या पुढचा, एक तिशीच्या आतला, शक्यतो एकाच घरातले नकोत. तुमचे ते दोन आजोबा वेगवेगळ्या जोड्यांत टाका आणि नियम करा की उत्तर धाकट्यानेच पाठवायचं. मग आजोबांना आधी फोन करून त्याला समजावून सांगावं लागतं. तुमच्या नात्यातले कोणी अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर असतील तर रविवारी रात्री नऊ म्हणजे त्यांच्याकडे उन्हाळ्यात सकाळचे साडेअकरा, हिवाळ्यात साडेदहा. आंघोळ, चहा उरकलेला असतो. वेळ चांगली आहे, बदलू नका.

आता दुसरा भाग, नवख्यांनी काय बघावं. बहुतेक जण उत्साहाने फाळक्यांपासून सुरुवात करतात आणि दुसऱ्या आठवड्यात झोपतात. उलटं जा. ‘अशी ही बनवाबनवी’पासून निघा, ती त्यांना तोंडपाठ आहे. धनंजय माने कुठे राहतात हे न सांगता येणारा मराठी माणूस मला अजून भेटायचाय. मग त्यांना सांगा की ही कथा हृषिकेश मुखर्जींच्या ‘बीवी और मकान’ची, १९६६ ची. तसाच ‘धूमधडाका’ शोधत गेलात तर ‘प्यार किये जा’वरून तमिळपर्यंत पोचता. एकदा मागे जायची चटक लागली की मग ‘सिंहासन’, ‘सामना’, तिथून ‘पिंजरा’, मग ‘सांगत्ये ऐका’. हसायचं असेल तर राजा परांजप्यांची ‘लाखाची गोष्ट’, ती सत्तर वर्षांनीही शिळी झालेली नाही. आणि एवढं झाल्यावर प्रभात. ‘कुंकू’ आधी, ‘शेजारी’ नंतर, ‘संत तुकाराम’ सगळ्यात शेवटी. तुकारामाला घाई करू नका. पोर आजारी पडल्यावर जिजाई हातात वहाण घेऊन विठोबाला जाब विचारायला देवळात जाते, तो प्रसंग थकल्याभागल्या रात्री मोबाइलच्या पडद्यावर बघायचा नाही. सगळ्यांनी एकत्र, मोठ्या पडद्यावर बघा. सिनेमा १९३६ चा, पुढच्या वर्षी व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात गौरवला गेलेला, पण हे बघून झाल्यावर सांगा. आधी सांगितलं की लोक परीक्षेला बसल्यासारखे बघतात.

माझी वैयक्तिक नावड एकच: साल विचारणं. अपवाद बरोबरी तोडण्याचा. गुण समसमान झाले की मी आकड्याचा प्रश्न घेतो, जो सर्वांत जवळ जाईल तो जिंकला. माझा ठरलेला प्रश्न: ‘सांगत्ये ऐका’ पुण्याच्या विजयानंद टॉकीजमध्ये किती आठवडे चालला? लोक पंचवीस म्हणतात, पन्नास म्हणतात, फार धीट असेल तो शंभर म्हणतो. एकदा एका आजोबांनी क्षणाचाही विचार न करता १३१ लिहिलं, म्हणजे अगदी बरोबर. मला वाटलं, कुठेतरी वाचलं असणार. म्हणाले, ‘वाचलं कशाला? शाळेतून येताना रोजचा रस्ता तो. दर शुक्रवारी एक माणूस शिडी लावून बोर्डावरचा आकडा पुसायचा आणि नवा रंगवायचा. मी खाली उभा राहून त्याला आकडा सांगायचो.’